रशियन कागद आणि त्यामागचा माणूस: मानवी हक्कांच्या कामासाठी स्वयंसेवी अनुवाद कसा करावा

२०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे एक बातमी गाजली. मदतनिसाची, सुरक्षारक्षकाची नोकरी देतो असं सांगून एजंटांनी भारतीय तरुणांना रशियात नेलं आणि ते थेट युद्धाच्या आघाडीवर पोचले. काही तिथेच मारले गेले. सीबीआयने मार्चमध्ये गुन्हा नोंदवला, मुंबईसह अनेक शहरांत छापे टाकले. जुलैत पंतप्रधानांनी मॉस्को भेटीत हा विषय काढला. या सगळ्याच्या मुळाशी रशियन भाषेतला एक करार होता, आणि सही करणाऱ्यांना तो वाचता येत नव्हता.

असा करार अनुवादाला आला, तर त्यात मुदत एक वर्ष लिहिलेली असू शकते. अनुवादक 'एक वर्ष' लिहितो, आणि ते बरोबरच आहे. पण २१ सप्टेंबर २०२२ रोजी निघालेल्या अंशतः सैन्यभरतीच्या हुकुमात, क्रमांक ६४७, अशी तरतूद आहे की लष्करी सेवेचे करार त्या भरतीचा काळ संपेपर्यंत चालूच राहतील. ही तरतूद ज्यांना ठाऊक नाही ते घरचे लोक वर्ष संपायची वाट पाहत बसतील. अशा वेळी अनुवादात 'एक वर्ष'च राहू द्यायचं आणि खाली 'अनुवादकाची टीप' असं स्पष्ट लिहून हुकुमाची माहिती द्यायची. कागद काय म्हणतो ते एका जागी, आपल्याला काय ठाऊक आहे ते दुसऱ्या जागी. मानवी हक्कांच्या कामात अनुवादकाची खरी परीक्षा या दोन जागा वेगळ्या ठेवण्यातच होते, आणि पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती आहे.

हे लिहितोय ते पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मुंबई विद्यापीठात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात रशियन शिकलेल्यांसाठी, रशियात वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेल्यांसाठी, आणि भाषा येते पण तिचं पुढे काय करायचं हे ज्यांना सुचत नाही त्यांच्यासाठी.

आपण कुठे बसतो ते आधी ठरवा

'अनुवाद करायचाय' एवढं पुरेसं नाही. कामं फार वेगवेगळी असतात. कुठे किती माणसं ताब्यात घेतली याच्या रोजच्या छोट्या बातम्या असतात. राजकीय कैद्यांची एकेक पानाची माहितीपत्रं असतात. न्यायालयाचे निकाल आणि आरोपपत्रं असतात. छळ सोसलेल्या माणसांच्या साक्षी असतात. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांकडे पाठवायचे अर्ज असतात. कैद्यांना जाणारी आणि कैद्यांकडून येणारी पत्रं असतात.

रशियन ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, मग अनुवाद कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. उत्तर व्यवहारात आहे. तज्ज्ञ आणि त्यांचे सहायक मुख्यतः इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिशमध्ये काम करतात. मानवी हक्क परिषदेने ऑक्टोबर २०२२मध्ये रशियासाठी विशेष प्रतिवेदकाचं पद निर्माण केलं आणि २०२३मध्ये मारियाना कात्सारोव्हा यांची नेमणूक झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा दरवाजा मात्र रशियातल्या नव्या घटनांसाठी बंद झालाय. १६ सप्टेंबर २०२२पर्यंतच्या घटनाच आता तिथे चालतात. त्यामुळे आज जे घडतंय त्याचे कागद दुसऱ्या वाटांनी जातात, आणि त्या वाटांवर इंग्रजी लागते.

बेलारूस आणि मध्य आशियातले बरेच कागदही रशियनमध्येच असतात. काम फक्त मॉस्को-पीटर्सबर्गचं आहे असं समजू नका.

भाषेच्या पातळीबद्दल माझं मत जरा कडक आहे. बातम्यांसाठी बी-२, म्हणजे रशियन सरकारी परीक्षेची दुसरी पातळी, चालून जाईल. न्यायालयीन कागद आणि साक्षींसाठी सी-१च्या, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीच्या, खाली हात घालू नये. आणि रशियनइतकंच महत्त्व ज्या भाषेत लिहायचं तिला आहे. आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजीत अनुवाद करावा लागेल आणि ती आपली पहिली भाषा नाही. म्हणून संस्थेला सुरुवातीलाच सांगा की तुमच्या मजकुरावर संपादकाची नजर लागेल. चांगल्या संस्थांना हे ऐकून बरंच वाटतं.

कुणासोबत काम करायचं

एकट्याने, आपल्या मनाने रशियन बातम्या उचलून अनुवाद करत सुटू नका. संस्थेकडे वकील असतात, पडताळणी करणारे असतात, आणि कुटुंबाने कोणत्या गोष्टीला संमती दिली आहे हे त्यांना माहीत असतं.

ओव्हीडी-इन्फो ही संस्था डिसेंबर २०११मध्ये मॉस्कोत निवडणुकीनंतरच्या निदर्शनांच्या वेळी सुरू झाली. ती ताब्यात घेतलेल्यांची नोंद ठेवते, वकील मिळवून देते, आणि तिचं काम मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांवर चालतं. मेमोरियल ही त्याहून जुनी. १९८०च्या दशकाच्या शेवटी स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले मानद अध्यक्ष अणुशास्त्रज्ञ आणि मानवी हक्कांचे कार्यकर्ते आंद्रेई साखारोव्ह होते. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी आंतरराष्ट्रीय मेमोरियल बरखास्त करायचा आदेश दिला, दुसऱ्या दिवशी मॉस्को शहर न्यायालयाने तिच्या मानवी हक्क केंद्राबाबत तसाच आदेश दिला. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं, बेलारूसचे आलेस ब्यालियात्स्की आणि युक्रेनचं सेंटर फॉर सिव्हिल लिबर्टीज यांच्यासोबत. मेमोरियलच्या लोकांनी राजकीय कैद्यांची यादी ठेवण्याचं काम थांबवलेलं नाही, आणि त्या यादीतल्या प्रत्येक माणसाची माहिती दुसऱ्या भाषांत जायला हवी असते.

संस्थेशी पहिल्या बोलण्यात हे विचारून घ्या: अनुवाद कुठे वापरणार, अंतिम शब्द कुणाचा, शब्दसूची आहे का, माझं नाव छापणार का, फाइल कोणत्या मार्गाने येणार. शेवटच्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर मिळालं तर थांबा.

सुरक्षितता, पहिली फाइल उघडण्याआधी

तुम्ही ठाण्यात किंवा सांगलीत बसून काम करत असाल तर तुम्हाला धोका फारसा नाही. पण कागदातल्या माणसाला असतो.

रशियात राहणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा तिथे परत जायचं ठरवलेल्या मराठी माणसांनी नीट विचार करावा. 'अवांछित संघटना' हा शिक्का मारण्याचा कायदा तिथे २०१५पासून आहे. अशा संघटनेच्या कामात भाग घेतला तर आधी दंड आणि पुन्हा केलं तर फौजदारी गुन्हा होऊ शकतो. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलवर हा शिक्का मे २०२५मध्ये बसला. शिवाय 'परकीय देशाशी किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेशी गोपनीय सहकार्य' असं कलम २७५.१ फौजदारी संहितेत २०२२मध्ये आलं, त्यात आठ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रशियात राहून हे काम करू नका, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. परत आल्यावर भरपूर करता येईल.

आता संगणक. गोपनीय कागद कुठल्याही फुकट ऑनलाइन अनुवादयंत्रात चिकटवू नका. तो मजकूर कुणाच्या सर्व्हरवर राहतो हे तुमच्या हातात नसतं. अनुवादाची जुनी वाक्यं साठवून ठेवणारं ओमेगा-टी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं, ते शिकून घ्या. बोलणं सिग्नल या सुरक्षित संदेश-अॅपवर, तेही संदेश आपोआप पुसले जातील अशी मुदत लावून. फाइल पाठवण्याआधी तिच्या गुणधर्मांत तुमचं नाव आणि संगणकाचं नाव राहिलंय का ते पाहा. पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी ओढली म्हणजे नाव गेलं असं नाही. खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच असतो, माउसने निवडून कॉपी केला की बाहेर येतो. एकदा स्वतः करून पाहा, मग कधी विसरणार नाही.

कायद्याचे शब्द: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

रशियन फौजदारी प्रक्रियेत माणसाचं नाव टप्प्याटप्प्याने बदलतं. संशयित, मग आरोपी, मग खटला सुरू झाल्यावर न्यायालयापुढचा आरोपी, मग दोषी ठरलेला. रशियनमध्ये या चौघांना चार वेगळे शब्द आहेत. मराठीत आपण मधल्या दोघांना 'आरोपी' म्हणून मोकळे होतो. बातमीत ते चालेल, अर्जात चालणार नाही, कारण कोणत्या टप्प्यावर कोणता हक्क मोडला हाच तिथे प्रश्न असतो.

'झदेर्झानिये' म्हणजे ताब्यात घेणं. 'आरेस्त' हा शब्द दिसला की हात थांबला पाहिजे. तो बहुतेक वेळा आपल्या 'अटके'च्या अर्थाने येत नाही. निदर्शनात पकडलेल्या माणसाला 'पंधरा दिवस आरेस्त' दिला, असं लिहिलं असेल तर ती न्यायालयाने ठोठावलेली प्रशासकीय शिक्षा आहे. साधारणतः ती पंधरा दिवसांपर्यंत आणि सभा-निदर्शनांच्या काही कलमांखाली तीस दिवसांपर्यंत असते. 'त्याला पंधरा दिवस अटक झाली' असा अनुवाद केला तर वाचणाऱ्याला वाटेल की अजून खटला व्हायचाय.

शिक्षांच्या नावांत तर सापळेच आहेत. 'लिशेनिये स्वबोदी' म्हणजे तुरुंगवास. 'अग्रानिचेनिये स्वबोदी' म्हणजे माणूस घरी राहतो, पण रात्री बाहेर जायचं नाही, हजेरी द्यायची, अशी बंधनं. शब्दकोशात दोन्हींजवळ 'स्वातंत्र्य' असल्याने नवखे लोक दोन्हींना एकच करून टाकतात. त्याहून अवघड त्रिकूट 'राबोती'चं, म्हणजे कामाच्या शिक्षांचं. 'अब्याझातेल्निये' म्हणजे ठराविक तास फुकट समाजसेवा. 'इस्प्रावीतेल्निये' म्हणजे माणूस नोकरी करतो आणि पगारातला वाटा सरकार कापून घेतं. 'प्रिनुदीतेल्निये' म्हणजे सुधारणा केंद्रात नेऊन ठेवणं आणि तिथे काम करायला लावणं. इंग्रजीत तिन्हींना सक्तमजुरी लिहिलेली मी पाहिली आहे. एका माणसाची शिक्षा अशाने कितीतरी पट मोठी दिसते, आणि पुढे समोरच्या बाजूच्या वकिलाने बोट ठेवलं की सगळा अहवाल अविश्वासार्ह ठरतो.

काही बाबतींत मात्र मराठी माणसाला सोपं जातं. झडतीच्या वेळी हजर असणारे 'पन्यातिये' म्हणजे आपले पंच. झडतीचा 'प्रतकोल' म्हणजे पंचनामा. 'स्लेदवातेल' म्हणजे तपास अधिकारी. इंग्रजी अनुवादकाला या शब्दांपाशी लांबलचक खुलासा करावा लागतो, आपला वाचक पोलीस ठाण्याबाहेर उभा राहून हे सगळं शिकलेला असतो. पण 'प्रतकोल' प्रत्येक ठिकाणी पंचनामा नसतो. रस्त्यावर फलक धरला म्हणून लिहिला जातो तोही 'प्रतकोल'च, आणि तिथे 'प्रशासकीय गुन्ह्याची नोंद' असं साधं लिहावं.

'सिझो' म्हणजे खटला संपेपर्यंत ठेवायचा तुरुंग, आपल्या न्यायालयीन कोठडीच्या जवळचा. 'शिझो' म्हणजे शिक्षा भोगत असलेल्याला वसाहतीतच, म्हणजे दोषी ठरलेल्यांच्या तुरुंगातच, आणखी शिक्षा म्हणून टाकतात ती एकांत कोठडी. एका वेळी पंधरा दिवसांहून जास्त ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि बाहेर काढून पुन्हा टाकण्याची पद्धत आहे. एका अक्षराचा फरक, पण एका ठिकाणी माणूस अजून निर्दोष आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दोषी ठरून आत गेलाय.

कलम, नाव, लिंग

रशियन कागदात कलम लहानाकडून मोठ्याकडे लिहितात: उपखंड, भाग, कलम. उदाहरणार्थ फौजदारी संहितेचं कलम २०७.३, भाग २, उपखंड 'द'. हे कलम मार्च २०२२मध्ये आलं. सैन्याबद्दल 'जाणूनबुजून खोटी माहिती' पसरवणं हा त्यातला गुन्हा, आणि भाग २मध्ये पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आहे. 'द' म्हणजे राजकीय, वैचारिक, वांशिक किंवा धार्मिक द्वेषाचा हेतू. रशियन वर्णक्रमात 'द' पाचवा येतो. त्याला पाचवं इंग्रजी अक्षर द्यायचं की 'डी' लिहायचं हे संस्था ठरवते, तुम्ही नाही. मात्र एकाच कागदात दोन पद्धती आल्या तर वाचणारा वकील चुकीचा उपखंड शोधेल.

मॉस्कोच्या क्रास्नोसेल्स्की भागातले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव यांना याच कलमाखाली जुलै २०२२मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. युक्रेनमध्ये मुलं मरत असताना इथे मुलांची चित्रकला स्पर्धा कशी भरवायची, असं ते परिषदेच्या बैठकीत बोलले होते. त्यांच्यावरच्या कागदात 'गोरिनोवा अलेक्सेया' असंही दिसेल. ती विभक्ती आहे. 'गोरिनोवा' नावाची बाई शोधत बसू नका, नाव प्रथमेत आणून लिहा.

उलट अडचण सेंट पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेन्को यांच्या कागदात येते. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून तिथे युद्धाविरुद्धच्या चिठ्ठ्या लावल्या म्हणून त्यांना नोव्हेंबर २०२३मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, आणि १ ऑगस्ट २०२४च्या कैद्यांच्या अदलाबदलीत त्या सुटल्या. 'साशा' हे पुरुषाचंही असतं आणि स्त्रीचंही, आणि 'एन्को'ने संपणाऱ्या आडनावावरून लिंग कळत नाही. इंग्रजीत क्रियापद झाकून नेतं, पण मराठीत 'गेली' की 'गेला' हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. रशियन भूतकाळ लिंग दाखवतो, तिथून घ्या. अंदाजाने लिहू नका.

वेळ लिहिताना कोणत्या शहराची ते लिहा. रशियात अकरा कालविभाग आहेत. मॉस्को आपल्या अडीच तास मागे आहे, व्लादिवोस्तोक पुढे.

सूर

१९६८च्या ३० एप्रिलला मॉस्कोत 'चालू घटनांची बखर' हे टंकलिखित पत्रक सुरू झालं. पहिल्या संपादक कवयित्री नताल्या गोर्बानेव्हस्काया. नाव, तारीख, कलम, शिक्षा, तुरुंग, झडती एवढंच त्यात असायचं, शेरे नाहीत, विशेषणं नाहीत. कार्बन कागदावर प्रती निघत आणि हातोहात जात. बातमी द्यायची असेल तर ज्याने तुम्हाला प्रत दिली त्याला सांगा, तो त्याच्या आधीच्याला सांगेल, आणि साखळी शोधायचा प्रयत्न करू नका, अशी सूचना त्यात छापली होती. १९७१पासून अॅम्नेस्टीने तिचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करायला घेतले. पश्चिमेत कुणी त्या माहितीवर विश्वास ठेवला तो या कोरड्या सुरामुळे, आणि अनुवादकांनी तो तसाच पोचवला म्हणून.

म्हणून मूळ कागदात 'मारहाण केली' असेल तर 'अमानुष मारहाण' लिहू नका. मूळात 'अमानुष' असेल तर मात्र ते गाळू नका. तुम्हाला आलेला संताप खरा आहे, पण त्याची जागा त्या पानावर नाही.

इथे रशियन व्याकरणही एक जबाबदारी टाकतं. 'येवो झदेर्झाली' या वाक्यात कर्ता नाही. मराठीत 'त्याला ताब्यात घेतलं' म्हटलं की काम होतं. इंग्रजीत लिहिताना मात्र हात नकळत 'पोलिसांनी' लिहून जातो. कदाचित ते पोलीस नव्हतेच. 'सत्रुद्निकी' हा शब्दही तसाच. त्याचा अर्थ 'कर्मचारी' किंवा 'अधिकारी' एवढाच, ते पोलिसांचे, रोसग्वार्दिया या राष्ट्रीय रक्षक दलाचे की एफएसबी या गुप्तचर-सुरक्षा यंत्रणेचे हे शब्दावरून कळत नाही. पुढे जबाबदारी कुणावर ठेवायची हे त्यावर ठरतं.

रशियन सरकारने 'परकीय हस्तक' म्हणून नोंदलेल्या माध्यमांच्या मजकुरात कायद्याने सक्तीची सूचना ठळक अक्षरांत घुसवलेली असते. ती ठेवायची की गाळायची, हे संस्थेला विचारा.

साक्ष

छळाच्या साक्षीत माणूस अडखळतो, एकच गोष्ट दोनदा सांगतो, तारीख चुकतो. तुम्ही ती दुरुस्त करू नका. दोन ठिकाणी वेगळी तारीख असेल तर दोन्ही तशाच ठेवा आणि टीप द्या. मानसिक आघातात आठवण तुटक होते हे छळाची नोंद करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असतं. गुळगुळीत केलेली साक्ष उलट संशयास्पद वाटते.

तुरुंगाची बोली शब्दकोशात सापडत नाही. 'तापिक' म्हणजे लष्करी फील्ड टेलिफोन, आणि साक्षीत तो आला तर त्याच्या तारांमधून विजेचे झटके दिले असा अर्थ असू शकतो. शब्द तसाच ठेवा, खाली खुलासा द्या, आणि खुलासा बरोबर आहे का ते संस्थेतल्या माणसाकडून पक्कं करून घ्या.

असे कागद रात्री, घरात सगळे झोपल्यावर करू नका. दिवसा करा, सलग करू नका, आणि ज्याला नाव-गाव न सांगता नुसतं 'आज अवघड कागद होता' म्हणता येईल असं कुणीतरी जवळ ठेवा. नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहे. दोन दिवस फाइल उघडायला मन धजत नसेल तर लगेच कळवा, म्हणजे ती दुसऱ्याला देता येईल.

पत्रं

जे पहिल्यांदा येतात त्यांना मी याच कामाकडे पाठवतो. रशियन तुरुंगात पत्र सेन्सॉर वाचतो आणि रशियनखेरीज दुसऱ्या भाषेतलं पत्र सहसा आत जात नाही. म्हणजे मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणाऱ्याला अनुवादकाशिवाय गत्यंतर नाही. साधी रशियन येणाऱ्यालाही इथे काम आहे, कुणी अनुभवी नजर टाकत असेल तर.

पाकिटावर आडनाव, नाव, पितृनाम आणि जन्मवर्ष लागतं. जन्मवर्ष नसेल तर पत्र पोचेलच याचा भरवसा नाही. आतमध्ये खटला, युद्ध, राजकारण नको, नाहीतर ओळी खोडल्या जातात किंवा पत्रच अडतं. पावसाळ्यातला कोकण, घरातलं मांजर, तुम्ही वाचत असलेलं पुस्तक, बुद्धिबळातला एखादा डाव, हे सगळं जातं. अनुवाद करताना लिहिणाऱ्याचा स्वभाव राहू द्या, उगाच साहित्यिक करू नका. उत्तरासाठी कोरे कागद आणि पाकीट सोबत घालायची रीत आहे. भारतीय तिकिटं तिथे चालत नाहीत, म्हणून परदेशातून लिहिणारे बहुधा स्वयंसेवकांच्या किंवा तुरुंग खात्याच्या ऑनलाइन सेवेतून पाठवतात. त्या सेवेत उत्तराचे पैसे आधीच भरायचे असतात, ते विसरू नका. कैद्याला दुसऱ्या वसाहतीत हलवत असतील तर आठवडे-महिने पत्ता कळत नाही. तेवढा काळ पत्र रोखून ठेवा आणि संस्थेकडून नवा पत्ता आला की पाठवा.

उत्तर हस्ताक्षरात येतं. रशियन हस्ताक्षर वाचण्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण छापील अक्षरांशी त्याचं फारसं जमत नाही. जो शब्द लागत नाही तिथे चौकटी कंसात 'अस्पष्ट' लिहा. पत्र ज्याला आलंय त्याला आधी द्या, आणि त्याच्या व कैद्याच्या परवानगीशिवाय त्यातली एकही ओळ कुठे छापू नका.